तुझा काळा, माझा तांबडा

मोऱ्या, तुझ्या फोटोशेजारी त्यांनी सहा तारांची गिटार छापली आहे.

दांडी गावात शिरताना, बसथांब्याच्या मागे नरेशने तुझा फ्लेक्स लावलाय. नरेश, तुमच्या बँडचा कीबोर्डवाला आणि मालक, ज्याच्यासाठी तू इतकी वर्षं हळदी वाजवल्यास. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये कुठल्याशा लग्नातला तुझा घामेजलेला चेहरा, आणि बाजूला इंटरनेटवरून उचललेली, ज्वाळा निघणारी लालभडक गिटार. मी रिक्षा थांबवून तारा मोजल्या. सहा. जन्मभर तू चार तारांवर काढलास, आणि "ही गिटार नाय, ह्यो बेस हाय" हे गावाला सांगून सांगून तुझ्या तोंडाला फेस आला. मी तिथूनच नरेशला फोन लावला. तो म्हणाला, "अगो ताय, बोईसरच्या फ्लेक्सवाल्यानं टाकलाय, तेला काय कलतंय?" म्हटलं, "त्याला नसेल कळत, तुला तर कळतंय ना?" मग मला वाट्टेल ते बोलून झालं, आणि रिक्षात बसल्यावर रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याचाही राग आला.

सध्या मला सगळ्यांचाच राग येतो. तुझ्या दारात बसून "तिकडं वर बँडला बेस कमी पडला असंल" म्हणणाऱ्या तुझ्या मामाचा. "निदान त्रास न होता गेला" म्हणणाऱ्यांचा. आणि सगळ्यात जास्त तुझा. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला अख्खा गाव आहे, ती मंडळी ते काम व्यवस्थित करतायत. मी तुझ्याशी भांडायला बसले आहे.

परवा तुझं तेरावं झालं. काल जागृतीचा फोन आला. तुझी बायको मला कधी फोन करत नाही, निरोप तुझ्याकडूनच यायचे, त्यामुळे नाव दोनदा वाचलं. ती म्हणाली, "ताय, तुजा बेस घेऊन ये नि आमचा घेऊन जा. त्यानं तुला सबूद दिलता. मला तो घरात बगवत नाय." एवढंच. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून माझ्या तांबड्या बेसकडे बघत बसले. एक जुना बेस देऊन दुसरा जुना बेस घ्यायचा की नाही, एवढासाच तो प्रश्न. त्यावर आपण वर्षभर डोकं खाल्लं एकमेकांचं. आता तू नाहीस, आणि उत्तर मी एकटीनेच द्यायचं, हा कुठला न्याय?

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. पालघर स्टेशनजवळच्या बोळात जुनी वाद्यं विकणारं एक दुकान होतं, तिथे मी हा तांबडा बघायला गेले होते. माझे बोईसरला सायन्सचे क्लास नुकते सुरू झाले होते, बाबा कंपनीतून निवृत्त होऊन सांगोल्याला परत जायच्या गोष्टी करत होते, आणि मला कॉलनीच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा होता. दुकानदार बेस माझ्या हातात देतोय तोच तू आलास. अंगाला मासळीचा वास, पायात रबरी चपला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ म्हणालास, "तो बेस मी बगून गेलतो." मी म्हटलं, "बघून गेलात, घेऊन नाही गेलात." दुकानदार हसला. मग तू रंगाच्या उलट्या डब्यावर बसलास, बेस मांडीवर घेतलास, एक डोळा मिटून नेकवरून, तारांखालच्या दांड्यावरून, नजर टाकलीस आणि जाहीर केलंस, "म्याडम, नेक वाकडी हाय. नका घेऊ." मला वाटलं, मी सोडून द्यावा म्हणून थाप मारतोय. मी हट्टाने घेतला.

तेव्हापासून नेक वाकडी आहे की नाही यावर आपण भांडतोय. तू म्हणायचास, बाराव्या फ्रेटच्या पट्टीपुढे सूर सरकतो. मी म्हणायचे, बोटीच्या इंजिनाने तुझे कान गेलेत. ऐक आता. सरकतो, मोऱ्या. थोडासा, पण सरकतो. मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं आणि हे मी तुला मरेपर्यंत सांगणार नव्हते. माझ्या मरेपर्यंत, असं माझ्या मनात होतं.

पुढच्याच वर्षी तू तुझा काळा मिळवलास, वसईच्या एका वाजवणाऱ्याकडून. तो गल्फला निघाला होता. काळा रंग जागोजागी उडालेला, तारा पिळायच्या चाव्या गंजलेल्या, पण सगळ्यात जाड तार छेडली की आवाज कानात न येता पोटात यायचा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरी येऊन माझ्या बेसशी दोन दिवस बोलले नाही.

एका बँडला दोन बेस लागत नाहीत, म्हणून आपण कधी एकत्र वाजवलं नाही. तू बोटीवर गेलास की नरेश मला बदली बोलवायचा. कधी मुरब्याला हळद, कधी तारापूरला साखरपुडा. सांगोल्याकडची पोर कोळ्यांच्या हळदीत बेस वाजवते, हे बघायला बायका पुढे येऊन उभ्या राहायच्या. पहिल्या वेळी मी घाबरून भराभरा बोटं चालवली, सगळं येतं ते दाखवून टाकलं. तुला कुणीतरी मोबाइलवर ते रेकॉर्डिंग पाठवलं. तू बोटीवरून उतरून सरळ माझ्या क्लासच्या दारात आलास. आत दहावीची पोरं प्रकाशाचं अपवर्तन शिकत होती, आणि तू त्यांच्यासमोर म्हणालास, "म्याडम, एवडा कशाला वाजवता? नवरीच्या मावशीचे पाय बगा. ती थकली की तुमी थोडा मागं या. ती उठली की पुडं जा. बाकी बोटांना काय काम नाय." पोरं फिदीफिदी हसली. मी चिडले. पुढच्या हळदीत मी नवरीच्या मावशीचे पाय बघितले, आणि मला बेस वाजवता येऊ लागला. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानते आता. पण राग त्यामुळे कमी झालेला नाही, गैरसमज नको.

एकदा, एकदाच, तुझ्या अंगणात आपण दोघांनी बरोबर वाजवून बघितलं होतं. पावसाळा संपून बोटी नुकत्याच निघाल्या होत्या, अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. दोन बेस एकत्र म्हणजे काय होणार? नुसती गुरगुर. तुझी आय घरातून ओरडली, "बंद करा, माजे बोंबील पडतील!" तू इतका हसलास की खाली बसलास. तेव्हा तुझा खांदा दुखत नव्हता.

खांद्याचं सुरू झालं मागच्या शिमग्याच्या सुमाराला. म्हणजे तू मला तेव्हा सांगितलंस, सुरू कधी झालं देव जाणे. हळद वाजवून उतरलास की डावा खांदा चोळत बसायचास. "पट्टा लागतो म्याडम. काला लय जड हाय." आम्ही सगळे डॉक्टरच. नरेश म्हणाला रुंद पट्टा घे. ऑक्टोपॅडवाला म्हणाला खोबरेल तेलात कापूर घालून चोळ. मी म्हटलं बसून वाजव. आणि तू म्हणालास, "त्यापरी आपन बदलूया ना. तुजा हलका हाय. तुला काल्याचा आवाज होवा, मला तुज्याचा वजन."

तुमच्या घरात वजन हा मोठा अभिमानाचा विषय. तुझी आय बोईसरच्या बाजारात मासळी विकते, आणि पापलेट हातात घेऊन ती सांगते ते वजन काट्यावर तसंच येतं. तुलाही ते जमायचं. लोक मुद्दाम सुरमई हातात देऊन विचारायचे आणि तू बिनचूक सांगायचास. त्या दिवशी तू काळा एका हातात धरलास, तांबडा दुसऱ्या हातात, आणि जरा वरखाली करून म्हणालास, "माजा दीड किलोनं जड." तू सांगितलंस म्हणजे संपलं. तुझ्या हाताला काटा लावून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. घरात तुळईला हुकाचा काटा टांगलेला होता, रोज सकाळी त्याच्यावर टोपल्या चढत होत्या, आणि आम्ही शहाणे त्याच्याखाली उभे राहून मान डोलावत होतो.

मी कित्येक महिने विचार केला. तू हसायचास त्याला, पण मला सोपं नव्हतं. तांबडा माझ्या स्वतःच्या कमाईतली पहिली वस्तू. त्याची नेक बारीक, माझ्या आखूड बोटांना बसते. तुझ्या काळ्याची नेक रुंद, पहिल्या फ्रेटवर माझी करंगळी ताणून दुखते. माझा ट्यूबलाइटजवळ गुणगुणतो, तुझा शांत. माझ्या तारा बोईसरच्या हवेत काळ्या पडतात, कंपन्यांचा वायू सुटला की चांदीची पैंजणंसुद्धा काळी होतात आमच्याकडे. तुझ्या तारा खाऱ्या वाऱ्याने गंजतात. त्या बाबतीत फिटंफिट. राहता राहिला आवाज. तो पोटात जाणारा आवाज मला हवा होता, खूप हवा होता. पण उघड दिसत होतं की चांगला बेस तू देत होतास आणि डावा मी. मी तसं म्हटलं तर तू वैतागलास. "खांदा माजा हाय ना? मग फायदा कुनाचा?" शेवटी मी ठरवलं. बदलायचा.

आणि मी ठरवल्यावर तूच पलटलास!

दिवाळी झाल्यावर मी तांबडा पाठीला लावून दांडीला आले. तू म्हणालास, "आज नको, काल्याला नव्या तारा टाकून देतो. अशा गंजलेल्या कशा देऊ?" बरं. पुन्हा आले, तर तारा तशाच, आणि तू म्हणालास चावी बदलायची आहे. मी म्हटलं, "अरे, निदान गळ्यात घालून तरी बघ माझा, बसतो का तुला." तू दोन्ही हात मागे घेतलेस. "हात मासलीचे हायत." मोऱ्या, तुझे हात कायम मासळीचेच होते. त्या हातांनी तू पालघरच्या दुकानात माझ्या आधी तो मांडीवर घेतला होतास. ते माझ्या डोक्यात गेलं. तिसऱ्यांदा म्हणालास, लग्नसराई होऊ दे. म्हणजे खांदा दुखतो म्हणून बदलायचा, आणि सगळ्यात जास्त वाजवायचे दिवस संपल्यावर बदलायचा? हे कुठलं गणित?

मग ते फोनवरचं भांडण. मी म्हटलं, "तुला द्यायचा नाहीये तर सरळ सांग ना. मी मागायला आले नव्हते. तूच मागे लागला होतास." तू म्हणालास, "द्यायचा हाय गं. थोडं थांब." मी म्हटलं, "थांबणार नाही. आता दिलास तरी नको." आणि फोन कापला. त्यानंतर आपण बोललो नाही. तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य 'थोडं थांब' हे आहे, आणि त्यानंतर तू स्वतः थांबला नाहीस.

तू गेलास त्या सकाळी मी नववीच्या पोरांना वर्गात बसवत होते तेव्हा नरेशचा फोन आला. तू किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होतास. पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत आडवा झालास. टेम्पोत घालून बोईसरकडे आणलं. नाक्यावर टँकरांची रांग, नेहमीसारखी. नरेश उतरून, हात जोडून एकेक टँकर बाजूला घेत होता म्हणे. दवाखान्यात पोचलात तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला त्या टँकरांचा राग आला, रस्त्याचा आला, पाणी आणायला गेलेल्या तुझ्या भावाचासुद्धा आला. पण तेव्हा मला सगळं माहीत नव्हतं. माझा राग चुकीच्या पत्त्यावर जात होता.

आज दुपारी मी तांबडा घेऊन तुझ्या घरी गेले. मन घट्ट केलं होतं: शब्द दिलेला आहे, तो पुरा करायचा, बेस ठेवायचा, बेस उचलायचा, निघायचं. जागृतीने काळा आधीच बाहेर आणून भिंतीला टेकवला होता. पुसून ठेवला होता. तारा नव्या होत्या. म्हणजे तेवढं तू केलंस. आय कोपऱ्यात बसली होती, तिच्यासमोर वाळल्या कोळंबीचे सोडे होते पण ती ते निवडत नव्हती.

चहा झाल्यावर जागृतीने विचारलं, "ताय, त्यानं तुला खांद्याचं काय सांगितलं?"

"पट्टा लागतो म्हणाला. बेस जड आहे म्हणाला."

"मला पन तेच. मंग मीच त्याला ओढून पालघरला डाक्टरकडं नेला, दिवालीच्या आदी. डाक्टर बोलला, हा खांदा नाय, छाती हाय. तपासन्या करा, तोवर बोटीवर जाऊ नका. भायेर आल्यावर हा मला बोलतो, डाक्टरला काय म्हाईत बेस किती जड असतो!"

मी तांबड्याची पिशवी जवळ ओढून घेतली.

"मी लय भांडली त्याच्याशी. जेवली नाय. मंग कबूल झाला. बोलला, म्याडमचा हलका बेस येतोय. तो गल्यात घालून पन दुखला ना, तर दुसऱ्या दिवशी तपासनीला जातो. आयची शपत घेतली माज्यासमोर. मी रोज वाट बगत व्हती, तुजा बेस कदी येतोय."

गाढवा. हरामखोरा. माझा बेस तीनदा आला होता तुझ्या दारात! ती बाजारात गेलेली असायची तेव्हा आला आणि तसाच परत गेला. तू त्याला हात लावला नाहीस, कारण तुला आधीच माहीत होतं. तो गळ्यात घातला असतास तरी खांदा दुखलाच असता, आणि मग दोष द्यायला काळा बेस उरला नसता. तुला आपली अदलाबदल हवी होती, फक्त ती होऊन जायला नको होती. 'होणार आहे' एवढ्यावर तू बायकोला गप्प केलंस, मला झुलवलंस आणि स्वतःला फसवलंस. मी इकडे कित्येक महिने नेकची रुंदी आणि तारांचा सूर तोलत बसले, आणि तू माझ्या त्या सगळ्या विचाराच्या मागे लपून बसलास.

मला कळतं, तू का घाबरलास ते. डॉक्टर बोट बंद करणार होता. बोट बंद म्हणजे भाऊ एकटा पडणार, हळदी बंद म्हणजे तू तू राहणार नव्हतास. हे सगळं मला कळतं. पण म्हणून काय झालं? सांगायचं होतंस! मी विज्ञान शिकवते, मोऱ्या. डावा खांदा, डावा हात, धाप, मी पोरांना शिकवते ते. तू मला धाप लागते हे कधीच सांगितलं नाहीस. नुसता पट्टा, पट्टा आणि पट्टा.

मी हे सगळं मोठ्यानेच बोलत असणार, कारण आय उठली. तिने तुळईचा काटा खाली ओढला, काळ्याचा पट्टा हुकात अडकवला आणि बेस सोडला. काट्यावर लाल आकडे थरथरले आणि स्थिर झाले. मग तो काढून तिने माझा तांबडा लावला.

आकडा पुढे गेला. फार नाही, थोडासाच, पण पुढे. माझा बेस तुझ्या काळ्यापेक्षा जड होता.

जागृतीने पुन्हा लावायला सांगितलं. आयने पुन्हा लावला. तेच.

"माज्या पोराचा हात वजनाला कदी चुकला नाय," आय म्हणाली आणि काट्याला धरून तशीच उभी राहिली.

मला तो दिवस आठवला. तू उभा होतास इथेच, याच काट्याखाली. उजव्या हातात तांबडा होता. काळा तुझ्या डाव्या हातात होता. तू थाप मारत नव्हतास. त्या हाताला तो खरंच दीड किलोने जड लागत होता. म्हणजे वर्षभरापूर्वीच तुझा डावा हात आम्हाला सांगून मोकळा झाला होता, भर दुपारी, सगळ्यांसमोर. मी आयला हे सांगितलं नाही. तुला सांगतेय, कारण तुला हे कळायला हवं आणि कळून त्याचा त्रास व्हायला हवा, जसा मला होतोय.

जागृतीने काळा उचलून माझ्यापुढे केला. "घे. त्याचा सबूद होता."

"मी नाही बदलणार," मी म्हटलं.

"का? आता तर वजनाचं पन काय नाय. तुला तर त्याचा आवाज होवा होता."

"हवा होता. अजून हवाय. पण त्याने मला बेसचा शब्द दिला होता आणि तुला तपासणीचा. दोन्ही एकाच गाठीत बांधले होते. तुझा मोडलेला ठेवून माझा तेवढा पाळायचा, हे मला जमणार नाही, जागृती. तू विक तो. नाहीतर ठेव. नरेशला दे. मला त्याच्या बदल्यात काही द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही."

हे बोलताना मला वाटलं, मी फार कठोर होतेय. मग वाटलं, होऊ दे. तुझ्याशी ठरलेली अदलाबदल तुझ्याशीच व्हायला हवी होती, तू समोर उभा असताना, नेक वाकडी आहे म्हणून माझ्यावर खेकसत असताना. तुझ्या बायकोच्या हातून, तुझ्या आयच्या काट्याखालून मला ती नको. तू आलास तरच. आणि तू येणार नाहीस, तेव्हा नाही.

जागृतीने काळा खाली टेकवला. मग म्हणाली, "बरं. नको नेऊस. पन एकदा गल्यात घाल त्याचा. उबी रा. वाजव."

मी घातला. तोच पट्टा, तुझ्या घामाने कडक झालेला, तुझ्या उंचीचा. तिने तो लहान करू दिला नाही. ॲम्प नव्हता, म्हणून आवाज असा फारसा नव्हताच, नुसतं तारांचं खुडखुडणं. तुम्ही हळद ज्या ठेक्यावर सुरू करता तो मी धरला आणि धरून राहिले. बघायला मावशी नव्हती, कुणाचे पाय नव्हते. जागृती माझ्या बोटांकडे बघत नव्हती. ती माझ्या डाव्या खांद्याकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. मी थांबायला गेले की म्हणायची, "नाय, अजून. तो एवड्यात थांबायचा नाय." दारातलं ऊन अंगणात उतरलं. पोटऱ्या भरून आल्या, करंगळी जळायला लागली. आय खाली बसली होती आणि तिचा हात काळ्या बेसच्या उघड्या पिशवीवर होता.

"बस," शेवटी जागृती म्हणाली. ती जवळ आली. "दुखतो का खांदा?"

मोऱ्या, मला खोटं बोलावंसं वाटलं. हो म्हणावं, दुखतोय, फार दुखतोय, जडच आहे हा मेला, तुझा नवरा खरं बोलत होता. त्या बाईला रात्री झोप लागेल असं काहीतरी सांगावं. तुझ्यासाठीसुद्धा बोलावंसं वाटलं, एवढं सगळं असून.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात दुखत नाही."

तिने मान हलवली. मग पुढे होऊन तिने पट्टा माझ्या खांद्यावरून स्वतःच्या हाताने उतरवून घेतला.